पक्ष सोडलेल्याचा भाऊ

दोन हजार वीस साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि परदेशात, सँट्रीत मुलाच्या फ्लॅटमध्ये अडकलो होतो. विमानं बंद. खाली बाकावर एक आफ्रिकन म्हातारा बसायचा. बोलायच्या आधी उठून उभा राहायचा, सभेत करतात तसा हात वर करायचा, मग खाली बसून सुरू.

तरुणपणी त्यानं तिकडं गुजराती शेठच्या दुकानात नोकरी केलेली, म्हणून मोडकी हिंदी यायची. माझीही तसलीच. बाकाची दोन टोकं धरून आम्ही ओरडून बोलायचो.

तुम्हाला सांगतो, या माणसाला विषय एकच. त्याचा पक्ष. गोऱ्यांना घालवायला आंब्याच्या झाडाखाली काढलेला, सायकलवरून गावोगाव नेलेला. मधे कुणी बोललं की "पॉइंट ऑफ ऑर्डर!" आणि पुन्हा आंब्याच्या झाडापासून. डोकं उठायचं. स्वातंत्र्याचा झेंडा वर चढेपर्यंत मला जेवायची हाक यायची.

मी तरी कमी होतो काय? शिक्षण चौथी, पण पक्षाच्या सतरंज्या जन्मभर उचलल्यात. "झेंड्याच्या पुढचं बोल!" म्हणायचो. बोलायचा नाही.

पुढचं सुनेनं त्याच्या मुलीकडून काढलं. सत्ता आली, पुढारी मोटारीत बसले. याचा धाकटा भाऊ चिडून दुसऱ्या पक्षात गेला. तेव्हापासून अबोला. पुढं पक्ष हरला, कचेरीत मोबाइलचं दुकान आलं, अबोला तसाच. आता भाऊ तिकडं अंथरुणाला खिळलेला. मुलगी फोन घेऊन बाकाशी यायची. हा हात झटकायचा. "पक्ष सोडला त्यानं."

"अरे बाबा, पक्ष तरी कुठं राहिलाय?"

"मी आहे ना."

असल्या माणसापुढं कपाळ किती फोडायचं?

थंडीत भाऊ गेला. मुलीच्या फोनवर अंत्ययात्रा चाललेली, हा उभ्यानं बघत होता. पेटीवर कुठल्याशा पक्षाचा झेंडा होता.

"कुणाचा?" मी विचारलं.

"आमचा. जुना. त्यानं घरात जपून ठेवला होता."

"मग फोन का नाही रे घेतलास, गाढवा?"

मुलीनं त्याला धरून वर नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला पिठलं-भाकरी करायला लावली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, कडू घास शेजाऱ्यानं न्यायचा.

"बाबा, इथं असं कुणी करत नाही. त्यात कोविड."

"माणूस मेलाय," मी म्हटलं.

डबा त्याच्या दाराशी ठेवून मागं सरलो. त्यानं दार उघडलं.

"कशाला?"

"भाऊ गेल्यावर खातात. खा."

उंबऱ्यातच बसून त्यानं भाकरी मोडली. अर्धी माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. घास त्याचा होता.