सोळाचं भोक

सरांनी माझा फोटो पडद्यावर लावला आणि म्हणाले, "हा बघा, कोळशाच्या खाणीतला गुलाब."

वीस जण हसले. रावेतमधल्या एका मोठ्या सोसायटीचं क्लबहाउस, रविवारची सकाळ, नवशिक्यांचा फोटोग्राफीचा वर्ग. पडदा जवळजवळ काळा. त्या काळ्यात कुठेतरी मी काढलेला गुलाब होता. मी मान खाली घातली. आज त्यांच्या हसण्यापेक्षा त्या खाली घातलेल्या मानेचाच मला जास्त राग येतो.

झालं होतं असं. सरांनी सगळ्यांच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर टेप चिकटवली होती. फोटो कसा आला ते बघायचं नाही, डोकं चालवून काढायचा. "झाडाखाली उजेड कमी आहे. शटरचा वेग तसाच ठेवा, लेन्सचं भोक तेवढं मोठं करा," ते म्हणाले. मी आकडा चारावरून सोळावर नेला. का नेणार नाही? चाकणच्या कंपनीत नऊ वर्षं ड्रिलिंग मशीनवर आहे मी. आमच्याकडे चारच्या ड्रिलने बारीक भोक पडतं, सोळाच्या ड्रिलने मोठं. लेन्समध्ये हे उलटं असतं, ते मला कुणी सांगितलं होतं?

"आकडा वाढला की भोक लहान. पाठ करा," सर म्हणाले.

"पण का, सर?"

"ते गणित आहे. तुला झेपायचं नाही. तू असं कर, रिफ्लेक्टर धर. तुम्हा लोकांचे हात मजबूत असतात."

बाकी सगळ्यांना अहो-जाहो. अगं-तुगं मला एकटीला, तेही मी कुठे काम करते हे सांगितल्यापासून. आणि मी धरला. उजेड परतवणारी ती भलीमोठी चकचकीत चकती दोन तास धरून उभी राहिले. बाकीच्यांनी फोटो काढले. माझा कॅमेरा पिशवीतच राहिला.

सोमवारी फर्स्ट शिफ्ट करून मोशीला घरी आले आणि तशीच खिडकीपाशी बसले. लेन्स जुन्या बनावटीची, आकड्यांची कडी हाताने फिरवायची. कडी चारावर ठेवली, समोरून आत पाहिलं. आतल्या पात्यांमधलं भोक दिसत होतं. माझा स्वतःचा व्हर्नियर काढला, काचेला न लावता वर धरला. साडेबारा मिलिमीटर. आठावर, सव्वासहा. सोळावर, तीनच्या जरासं वर. लेन्स पन्नास मिलिमीटरची, तसं तिच्यावरच लिहिलंय. पन्नास भागिले चार, साडेबारा. पन्नास भागिले आठ, सव्वासहा. आकडा भोकाच्या मापाचा नव्हताच, वाटण्यांचा होता. भाकरीचे चार वाटे केले तर चतकोर हातात येतो, सोळा केले तर त्या चतकोराचाही चतकोर.

चौथीतला भागाकार! आनंद व्हायला हवा होता, पण माझं डोकंच फिरलं. हे मला झेपणार नव्हतं? दोन वाक्यांची गोष्ट, ती सांगायला या माणसाची जीभ झिजणार होती?

पुढच्या रविवारी सरांनी पुन्हा ती चकती माझ्यापुढे केली. "चल, धर."

"न्हाई धरणार, सर. फोटो काढायला आलीय मी."

"अस्सं? मग कडीवरचा सोळा, एफ सोळा म्हणजे काय, सांग सगळ्यांना."

मी सांगितलं. पन्नास भागिले सोळा. फळ्यावर आकडे मांडून दाखवले. पुढच्या रांगेतले दोघे वहीत उतरवून घ्यायला लागले. सरांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "बरोबरच आहे. भोकं पाडणाऱ्या बाईला दुसरं काय कळणार?"

पुन्हा हसले सगळे. वहीत उतरवणारे दोघेसुद्धा. त्या क्षणी मला कळून चुकलं, की मी कितीही बरोबर असले तरी ही माणसं हसणारच. मग भ्यायचं कशाला?

"सर," मी म्हणाले, "तुमी ज्या गाडीत बसून आलाय, तसल्या गाड्यांच्या ब्रेकची भोकं पाडते मी. केसाएवढं चुकलं तरी पीस भंगारात जातो. का जातो, ते आमाला पहिल्याच दिवशी सांगत्यात. नुसतं पाठ करा म्हणत न्हाईत."

कुणी हसलं नाही. मी कॅमेरा काढला आणि बागेत जाऊन फोटो काढत बसले.

वर्ग मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. येत्या रविवारी आमच्या लाइनवरच्या दोघी माझ्याबरोबर येणार आहेत. त्यांना हे सगळं मी आधीच शिकवलंय. आमच्यातल्या एकीवरही कुणी हसलं, तर त्या दिवशीचा वर्ग मी तिथंच बंद पाडणार.