नळीतलं बूच

माझ्या मेहुण्याचं गॅरेज आहे. मी रोज तिथे पेपर वाचत बसतो. तीस वर्षांत त्याला कोणी लबाड म्हटलं नव्हतं. ते काल एका टेम्पोवाल्याने चारचौघांत म्हटलं. दोनदा ऑइल सील बदलूनही इंजिनखाली तेल ठिबकत होतं.

मेहुणा लालबुंद झाला. त्याने इंजिन चालू करून तेल भरायच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला. मोजा टम्म फुगला. आतल्या वायूला बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून तो सीलमधून तेल ढकलत होता. मेहुण्याने हा वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी उपसली. तिच्या तोंडात लाकडी बूच ठोकलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच. केबिनमध्ये तेलाचा वास यायचा."

"मग स्वतःचं नाक दाबायचं होतंस! इंजिनाचं कशाला दाबलंस?"

"चुकलं, दादा."

"माझ्या कानात नको. मघाशी ओरडलास तसं ओरडून सांग."

टेम्पोवाल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मेहुण्याचा राग तरी उतरेना. तो माझ्याकडे वळला.

"त्याला माहीत नव्हतं. पण भावजी, तुम्ही तर मला ओळखता. तुम्ही का गप्प बसलात?"

मी पेपरची घडी केली. आजचा पेपर मी घरीच वाचला.