घागरीचं सांगा

मास्तरांना कुणी काही सांगायला गेलं की ते सगळं ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे काय?" समोरच्याला राग यायचा. मलाही यायचा. एवढं बडबडून झाल्यावर आपण नक्की काय म्हटलं, हे पुन्हा सांगायला कुणाला आवडतं?

नव्वदच्या दशकात नाशिकरोडला माझ्या घरातल्या पुढच्या खोलीत ते बँकेच्या परीक्षांचा क्लास घ्यायचे. मध्ये नुसतं पत्र्याचं पार्टिशन. मी चौथी शिकलेली, पण पोळ्या लाटताना सगळं ऐकू यायचं. उताऱ्यातलं मुख्य वाक्य शोधा, बाकीची त्याची कारणं, असा तो धडा. एकदा त्यांनी फळ्यावर लिहून मोठ्याने वाचलं, "आजच घागरी भरा. उद्या नळ येणार नाही, टाकी धुणार आहेत म्हणून." 'म्हणून' दिसल्याबरोबर सगळ्यांनी टाकीखाली रेघ मारली. मास्तर ओरडले, "अरे, ते 'म्हणून' कारणाला चिकटलंय! टाकी धुवोत नाहीतर फोडोत, तुम्हाला करायला काय सांगितलंय?"

मी पलीकडून म्हटलं, "घागरी भरा."

"मावशी पास!"

माझी मंगल त्याच क्लासला बसायची. नवरा आधीच गेलेला, घरात आम्ही दोघीच. तिची परीक्षा होती त्याच रविवारी इगतपुरीहून पाहुणे तिला बघायला येणार होते. वयाची मर्यादा संपत आलेली, परीक्षेची ही शेवटची संधी. मी हॉलतिकीट तांदळाच्या डब्यात दडवलं. मंगल चपला घालून दारात उभी. मास्तर आले.

"मावशी, साडेआठची बस आहे. हॉलतिकीट द्या."

"पंचविशी उलटली तिची. मुलगा रेल्वेत आहे. पाहुणे गाडीत बसलेही असतील."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आज परीक्षा नाही!"

"ही पण टाकीच झाली. घागरीचं सांगा."

लाटणं हातात होतं, घालावं डोक्यात असं वाटलं. "पास झाली तर कुठं लांब टाकतील. इगतपुरी तासाभरावर आहे," मी म्हटलं, आणि पुढचं तोंडातून निघूनच गेलं, "मला तिला लांब जाऊ द्यायचं नाही!"

मंगलने मान वर केली. जिंकल्यासारखं तोंड केलं नाही मास्तरांनी. घड्याळात आठ वीस. मी डबा उपडा केला. तांदूळ घरभर झाले, ते नंतर वेचले.

पाहुण्यांना सरळ सांगितलं, मुलगी परीक्षेला गेलीये. पोहे खाऊन ते उठले, पुन्हा आले नाहीत. मंगल पास झाली, नागपूरला गेली. पुढे क्लास बंद पडला आणि मास्तर खोली सोडून गावी गेले.

काही वर्षांनी एकदा सकाळीच मंगलचा फोन आला. जेवतेस का वेळेवर, गुडघा कसा आहे, क्लासमधली एक मैत्रीण भेटली होती, मास्तरांना म्हणे दवाखान्यात ठेवलं होतं.

"मंगल, घागरीचं सांग."

मग म्हणाली, "मास्तर गेले, आई."

मी फोन ठेवला. नळ आला होता. आधी पाणी भरलं, मग रडले.