जालन्याहून जहाजाला

आमच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक खुर्चीवर टेकलं, चहा आला, की बशीत चहा सांडावा तसा किस्सा सांडतो. पुसायला कुणाला वेळ नसतो, म्हणून साचत जातो. आता तर इतके साचलेत की मित्र दुकानात येतात ते तिकिटासाठी नाहीच. "संजूभाऊ, काही नवीन?" म्हणतात आणि पंख्याखालची खुर्ची धरतात.

दुकान म्हणजे जालन्यात मोंढ्याच्या रस्त्याला आमचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस. मी आणि शफीकभाई भागीदार. शफीकभाई हज-उमरा बघायचे, मी काशी आणि चारधाम. दोघांचंही वरच्याच्या भरवशावर बरं चाललं होतं. मग लोकांना क्रूझचं वेड लागलं, आणि ज्याला देवाकडं जायचंच नाही असं गिऱ्हाईक आम्हाला पहिल्यांदा बघायला मिळालं!

क्रूझमध्ये जहाजाचं बुकिंग सोपं. अवघड काय, तर जहाजापर्यंत पोचणं. त्याला दोन रस्ते. एक, क्रूझ कंपनीकडूनच विमानाचंही तिकीट घ्यायचं. दोन, आपलं तिकीट आपण काढायचं. यातलं चांगलं कोणतं, हे मी लोकांना अर्धा अर्धा तास समजावून सांगायचो. लोक मान हलवायचे आणि घरी जाऊन फोन करायचे, "ते पुन्हा एकदा सांगा."

शेवटी शफीकभाईंनी ते एका वाक्यात बसवलं.

"देखो साहब, वऱ्हाडाच्या बसनं गेलात तर बस कुठून बी फिरवतील, कुठं बी बसवतील, पण उशीर झाला तर लग्न तुमच्यासाठी थांबतंय. आपल्या मोटरसायकलवर गेलात तर मर्जी तुमची, पण पोचेपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असतात!"

तेव्हापासून मी समजावणं सोडलं.

*

पण काही लोकांना हेही मान्य नसतं. कुंभार पिंपळगावचे एक कापडवाले बाबूशेठ आले. स्वतःचं विमान तिकीट स्वतः काढणार म्हणाले, तेही जहाज सुटतं त्याच दिवसाचं.

मी म्हणालो, "शेठ, एक दिवस आधी जा. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नसतं."

"काहून न्हाई थांबत?"

"नाही थांबत."

"आमच्या गावची एसटी थांबती. मी हात केला की थांबती. न्हाई दिसलो तर कंडक्टर फोन लावतो, शेठ आज येनार न्हाईत का म्हणून."

"शेठ, ही एसटी नाही."

"ड्रायव्हर तर असंल ना? त्याचा नंबर द्या मला."

"जहाजाला कॅप्टन असतो. त्याचा नंबर आमच्याकडं नसतो."

शेठनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की हा माणूस धंदा कसा करतो! नशीब चांगलं, विमान वेळेत गेलं आणि शेठ जहाजात बसले. परत आल्यावर पेढे घेऊन दुकानात आले. मोबाईल काढला, चष्मा वर केला आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली.

नंबर सेव्ह केलेला होता. 'कॅप्टन जहाजवाले.' खाली फोटोही होता, शेठच्या खांद्यावर हात टाकलेला.

*

कंपनीच्या विमानाची तऱ्हा वेगळी. तिथं जबाबदारी सगळी कंपनीची, पण कोणतं विमान, कोणत्या वाटेनं, हे तीच ठरवणार. आपल्याला कळतं ते निघायच्या थोडं आधी.

बियाण्याच्या धंद्यातले एक काका आहेत. अतिशय सावध माणूस. चहा पिण्याआधी कप हलवून बघतात. त्यांना स्पेनहून सुटणारी क्रूझ करायची होती. ते म्हणाले, "कंपनीचंच विमान घ्या. आपल्या डोक्याला ताप नको."

कंपनीनं मार्ग पाठवला. मुंबईहून इथिओपिया, तिथं विमान बदलायचं आणि मग स्पेन.

काकांनी कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "युरोपला जायचंय ना आपल्याला?"

"हो."

"मग हे आफ्रिकेत काय करून राह्यले?"

बदलायला गेलो तर कंपनी म्हणे, बदल पाहिजे असेल तर आपलं आपण बघा. काका परत आमच्याकडं बघायला लागले. मी शफीकभाईंकडं बघितलं. शफीकभाई म्हणाले, "वऱ्हाडाची बस."

काकांनी जाऊन आल्यावर महिनाभर ते तोंड वाकडं करून सांगितलं. त्यांना तिथल्या विमानतळावर भरपूर वेळ बसायला लागलं होतं. पण काकूंनी त्याचा हिशेब वेगळा लावला. परवा एका मुंजीत कुणीतरी आफ्रिकेच्या सहलीचं कौतुक सांगत होतं, सिंह काय, जिराफ काय. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या,

"आफ्रिका आमची झालीय. बसायला खुर्च्या चांगल्या हायत."

*

एका नव्या जोडप्याला कंपनीनं एकाच विमानात बसवलं, पण नवरा पुढं पंखापाशी आणि नवरी पार शेवटी. लग्न ठरवून झालेलं. दोघांना अजून एकमेकांशी धड बोलायची सवय नव्हती, आणि आता मध्ये सगळं विमान!

जेवण वाटून झाल्यावर नवऱ्याला राहवलं नाही. त्यानं कागदी नॅपकिनवर लिहिलं, 'तुमची आठवण येत आहे,' आणि हवाई सुंदरीच्या हातात देऊन मागं बोट दाखवलं. ती हसत हसत गेली. थोड्या वेळानं उत्तर घेऊन आली. नवऱ्याच्या शेजारचा माणूसही वाचायला वाकला.

लिहिलं होतं, 'दशम्यांचा डबा तुमच्या बॅगेत आहे. एकटे खाऊ नका.'

*

आता हे आमच्या तरुण इंजिनिअरचं. एका स्टील कारखान्यात नोकरीला आहे, हुशार आहे, म्हणून नाव सांगत नाही. त्यानं जहाज आमच्याकडून घेतलं आणि विमानाचं तिकीट घरी बसून स्वतः काढलं. कुठल्याशा परदेशी वेबसाईटवर स्वस्त मिळालं म्हणाला. वर आम्हालाच ऐकवलं, "एजंट लोक आता राहणार नाहीत, शफीकभाई."

"इन्शाअल्लाह," शफीकभाई म्हणाले.

त्या वेबसाईटवर महिना आधी आणि तारीख नंतर, अशी रीत होती. ह्यानं आपल्या रीतीनं वाचलं. बॅगा घेऊन मुंबईच्या विमानतळावर पोचला, तर दारातला शिपाई म्हणाला, "साहेब, तुमचं विमान दोन महिन्यांनी आहे."

आता पंचाईत अशी, की कारखान्यात सगळ्यांना सांगून निघालेला. सत्कार झालेला. गळ्यात हार घालून फोटो निघालेले. परत कोणत्या तोंडानं जायचं? मग गडी शहागडच्या एका मित्राकडं जाऊन लपला. रोज फेसबुकवर विचारणा, 'फोटो टाका, फोटो टाका.' शेवटी त्यानं काय केलं, गोदावरीला पाणी भरपूर होतं, तर पुलावर उभं राहून, काळा चष्मा लावून, मागं फक्त पाणी येईल असा फोटो काढला. खाली लिहिलं, 'समुद्राच्या कुशीत.'

शंभर लोकांनी अंगठे दाखवले. पहिली कॉमेंट शहागडच्या आत्याची होती.

'कठडा आपल्या पुलाचा दिसतो. आलास तर जेवायला ये.'

*

शफीकभाई दुसऱ्याला शहाणपण शिकवत होते तोवर ठीक होतं. एक दिवस त्यांच्या बेगम दुकानात आल्या. आमच्या भाभी. कधी दुकानात न येणारी बाई आली म्हणजे प्रकरण गंभीर.

"सारी दुनिया को जहाज पे बिठा रे तुम. मेरे को अंबड के आगे नहीं लेके गए!"

शफीकभाईंनी त्याच दिवशी सिंगापूरची क्रूझ बुक केली. आता प्रश्न आला विमानाचा. दिवसभर लोकांना दोन्ही बाजू सांगणारा माणूस, पण स्वतःवर आल्यावर घाबरला. कंपनीचं घ्यावं तर आफ्रिका डोळ्यांपुढं. स्वतःचं घ्यावं तर जहाज सुटलेलं डोळ्यांपुढं. शेवटी स्वतःचं तिकीट काढलं आणि धास्तीनं चार दिवस आधी जाऊन बसले.

त्या चार दिवसांत भाभींनी सिंगापूर असं फिरून घेतलं, जसा आठवडी बाजार. हॉटेलच्या पोऱ्यांना नावानं हाक मारायला लागल्या. रोज सकाळी शफीकभाई बंदरावर जाऊन जहाज आलं का बघून यायचे, पण जहाज आपल्या दिवशीच आलं.

परतल्यावर मी भाभींना विचारलं, "कसं होतं जहाज?"

त्या जरा विचार करून म्हणाल्या, "अच्छा था. मगर होटल ज़्यादा अच्छा था. हिलता नहीं था."

शफीकभाई खाली मान घालून पावती फाडत बसले.

*

आता परतूरच्या दोन भावांचं सांगतो.

थोरले अण्णा, धाकटे बापू. दोघांची अडत दुकानं, मध्ये एक भिंत. चुलत घरातल्या एका लग्नाच्या पत्रिकेत थोरल्याचं नाव धाकट्याच्या खाली छापून आलं, तेव्हापासून बोलणं बंद. तो प्रेसवाला वारला, त्या लग्नातल्या नवरा-नवरीला पोरं झाली, पण बोलणं काही सुरू झालं नाही.

त्यांची माय ऐंशीला टेकलेली. तिनं एक दिवस जाहीर केलं, "मला समुद्र बघायचाय. दोघायसंगं."

अण्णा दुकानात आले आणि म्हणाले, "त्याच्यासंगं जहाजात येतो. जहाज मोठं असतंय. पण विमानात न्हाई बसनार." थोड्या वेळानं बापू आले आणि हेच म्हणाले. म्हणून अण्णांचं तिकीट कंपनीचं आणि बापूंचं आपलं आपण. आता माय कोणाबरोबर? तेही तिनंच ठरवलं. जाताना थोरल्यासंगं, येताना धाकट्यासंगं. तिच्या दोन बॅगा, एक याच्याजवळ, एक त्याच्याजवळ.

शफीकभाई तिला म्हणाले, "अम्माजी, ऐसा बराबर बटवारा तो कोर्ट भी नहीं करता."

बापू आमचं ऐकून एक दिवस आधी सिंगापूरला पोचले आणि दुसऱ्या दिवशी आरामात जहाजात जाऊन बसले. अण्णा आणि माय कंपनीच्या विमानानं निघाले, आणि मध्ये विमान बदलायचं होतं तिथंच अडकले. विमान बिघडलं. मी तसा निश्चिंत होतो. कंपनीचं तिकीट, कंपनीची जबाबदारी. कंपनीचा निरोपही आला, की दोघांना दुसऱ्या विमानानं संध्याकाळी सिंगापूरला आणून, रात्री हॉटेलात ठेवून, उद्या विमानानं पुढच्या बंदराला, पेनांगला नेऊन जहाजात बसवतो.

दुपारी बापूंचा फोन आला. "संजूभाऊ, लोकं वर चढून राह्यले. माय कुठं हाय?"

मी सगळं समजावून सांगितलं. "तुम्ही जहाजातच बसा. माय उद्या पेनांगला येईल."

"बराबर," बापू म्हणाले.

पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फोन. "मी उतरलो."

"अहो, कशाला उतरलात? तुमचं तिकीट तुम्ही काढलेलं. तुम्हाला आता पेनांगला कोण नेणार?"

"मायच्या बीपीच्या गोळ्या माझ्याजवळच्या बॅगेत हायत," बापू म्हणाले. "उद्यापर्यंत कसं चालंल?"

मागं जहाजाचा भोंगा वाजला. तो मला जालन्यात ऐकू आला.

संध्याकाळी चहाच्या वेळेला दुकानातले दोन्ही फोन एकदम वाजले. एकावर अण्णा, एकावर बापू. दोघंही सिंगापूरच्या विमानतळावर. अण्णा म्हणाले, "मायला गरगरून राह्यलंय. खुर्चीवर बसवलंय तिला. त्याला इचारा, कुठं उभा हाय?"

मी दुसऱ्या फोनवर विचारलं. "त्याला सांगा, झाडापाशी," बापू म्हणाले.

मी इकडं सांगितलं. "इथं झाडंच झाडं हायत!" अण्णा ओरडले. "त्याला म्हणावं, काहीतरी पक्कं सांग."

"त्याला सांगा, एक मोठा पुतळा हाय."

"त्याला म्हणावं, पुतळ्यापाशीच थांब. मी मायला घेऊन येतो."

मी म्हणालो, "अहो, तुम्ही एकमेकांना सरळ फोन का लावत नाही?"

"त्याचा नंबर न्हाई माझ्याकडं," दोन्ही फोनमधून आलं.

मी दोन्ही कानांना फोन धरून उभा. शफीकभाई समोर, हातातला चहा तसाच. थोड्या वेळानं बापूंचा श्वास मला अण्णांच्या फोनमधूनही ऐकू यायला लागला. म्हणजे समोरासमोर आले होते.

"संजूभाऊ, त्याला म्हणावं, गोळी दे."

"बापू, गोळी..."

"ऐकलं," बापू म्हणाले. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

"त्याला इचारा, पानी हाय का?"

"त्याला सांगा, हाय."

मग मी दोनदा हॅलो हॅलो केलं. शफीकभाई ओठ हलवून विचारत होते, काय झालं, काय झालं.

आणि दोन्ही फोनमधून एकाच वेळी मायचा आवाज आला.

"संजू, उद्याच्या विमानात तीन सीटा लागून बघ. मधली माझी."