कुलपातले परागकण

आम्हा परागकणवाल्यांची जमात इतकी लहान, की देशभरातले सगळे जमले तरी एका पंगतीत जेवून उठतील. पण स्वतःच्या स्लाइड्स कोणी कोणाला दाखवायचं नाही.

कोट्यवधी वर्षांपूर्वी चिखलात पडलेले फुलांचे कण दगडमातीतून सोडवायचे, जेलीत बसवून काचपट्टीवर ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे, हे आमचं काम. ओळखायचं तर ताडून बघायला दुसऱ्याच्या स्लाइड्स लागतात, आणि त्या दुसऱ्याच्या कपाटात. छापून आलं की दाखवू, असं प्रत्येकजण म्हणे. छापून येई तेव्हा त्यात मोहरीएवढा फोटो असे. मी वर्ध्यात कॉलेजात शिकवायचे आणि असल्या फोटोंवर डोळे फोडायचे.

पुढे गावात सायबर कॅफे निघाले. तिथे एकदा पाहिलं, परदेशातल्या काहींनी आपले सगळे फोटो जगापुढे उघडे टाकलेले. कोणीही या, बघा, चूक दाखवा. मला हेव्याने रडू यायचं बाकी होतं. मी आमच्या सगळ्या मंडळींना लिहिलं, की आपणही फोटो काढू, एका सीडीत घालू, मागेल त्याला देऊ. उत्तरं आली, ‘कल्पना स्तुत्य आहे.’ स्तुत्य म्हणजे नाही, हे समजायला मला फार वेळ लागला नाही.

दुसऱ्यांना काय बोलणार? माझे स्वतःचे सरच तयार नव्हते. सर निवृत्त झालेले, आणि घरामागच्या टिनाच्या खोलीत त्यांचा संग्रह. त्यात केळझरजवळच्या एका विहिरीच्या स्लाइड्स होत्या. विहीर खणताना खडकाखाली काळी माती लागली, ती सरांनी पोत्यात भरून आणली, आणि तिच्यात याआधी कुठेच न सापडलेले कण निघाले. नंतर विहीर बांधली गेली, पाण्याने भरली. पोत्यातली मातीही संपली होती. त्या झाडांचा पुरावा म्हणून जगात होत्या त्या एवढ्याच काचा.

"सर, फोटो तरी काढू द्या."

"एकाले पाह्याले देल्ल्या होत्या," सर म्हणाले. "त्यानं सोताच्या नावानं छापून टाकलं. आता तू म्हनतं, साऱ्या जगाले वाट. माह्यं पुस्तक होऊ दे, मंग कोनालेही दे."

"पुस्तक कधी होईल?"

"होऊन राह्यलं."

ते कित्येक वर्षं होऊन राहिलं होतं. त्यांना फसवलं गेलं होतं हे खरंच, त्यामुळे मला धड रागावताही येईना. उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर चाले, कारण जेली उष्णतेने वितळते. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "मले उकडलं तं पंखा. काचाईले मात्र कूलर."

एका मे महिन्यात सरांच्या छातीत दुखलं आणि त्यांना सावंगीच्या दवाखान्यात भरती केलं. काकू त्यांच्यापाशी, घर बंद, कूलर बंद. आमच्यात सगळेच स्लाइड्स खाचांच्या लाकडी डब्यांत उभ्या ठेवतात, जागा कमी लागते म्हणून. उभ्या काचेवरची जेली वितळली की कण वाहून कडेला जातात. डबे नुसते कुशीवर करून काचा आडव्या केल्या असत्या तरी कण जागच्या जागी राहिले असते. तेवढंच काम होतं. किल्ली सरांच्या कमरेच्या करगोट्याला होती.

मी रोज जाऊन विनवत होते. बाहेर वर्ध्याचं ऊन, आणि माझ्या डोक्यात तो टिनाचा पत्रा. काकूंना म्हटलं, कुलूप तोडू या. "तोडलं तं थे मले जन्मभर बोलतीन," त्या म्हणाल्या. "त्याईलेच विचार."

सरांनी किल्ली मुठीत धरली. "तू फोटो काढशीन."

काढलेच असते मी.

"घरी गेल्यावर पाहू," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जिन्यात उभी राहून मी रडले. माणूस आजारी आणि मी काचांसाठी रडते, याचीही लाज वाटत होती.

सर घरी आले तेव्हा चालताना त्यांना भिंतीचा आधार लागत होता. कुलूप त्यांनीच उघडलं. विहिरीचा डबा काढला, एक स्लाइड सूक्ष्मदर्शकाला लावली, स्क्रू फिरवत राहिले. मग दुसरी लावली, तिसरी लावली. त्यांनी उतरवलेली काच मी उजेडात धरली. कडेला कणांचा गाळ साचून एकात एक चिकटला होता. बाकी काचेवर बुडबुडे.  

सर स्टुलावरून उठले आणि मला जागा करून दिली.

"घे फोटो," ते म्हणाले. "समद्याईले दे."

भिंगाखाली नुसती पिवळट जेली होती. सर खांद्याशी उभे राहून बघत होते, म्हणून मी फोटो काढला. मग पुढची स्लाइड लावली.