तिसरा स्क्रू

ललिता निफाडकडची, बी.ए. झालेली, पंचवटीतल्या एका शाळेचं वाचनालय सांभाळणारी. कामाला काटेकोर. दहावीतल्या लेकीच्या, रोशनीच्या दातांचं काम निघालं, तेव्हा डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिने कागदावर लिहून नेले होते.

रोशनीचे पुढे आलेले दात मागे ओढायचे होते, आणि ओढ घ्यायला वरच्या जबड्याच्या हाडात एक बारीक स्क्रू बसवायचा होता. तो टिकतो का, हा ललिताचा पहिला प्रश्न. बहुतेक टिकतात, डॉक्टर संजना म्हणाल्या. दहातला एखादा सैल होतो, कारण तो हाडाशी एकजीव होत नाही, नुसता आवळून बसलेला असतो. मग त्यांनी विचारलं, घरात तंबाखू वगैरे? त्याने हिरडी सुजते, स्क्रू सुटतो. छे हो, ललिता म्हणाली, आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा नाही.

आपण खोटं बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. तंबाखू पुरुष खातात, पिचकाऱ्या मारतात. ती लावायची ती मिसरी. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजून केलेली पूड. माहेरच्या साऱ्या बायका तिनेच दात घासायच्या. रोशनीच्या वेळी पोटात अन्न ठरेना, मिसरीने मळमळ दबायची, तेव्हा ललितालाही सवय लागली. दात घासायच्या वस्तूला व्यसन कोण म्हणेल?

पहिला स्क्रू दीड महिन्यात हलला. दहातला एखादा, अशी तिने मनाची समजूत घातली. दुसरा जरा सरकवून बसवला. हिरडी सुजली आणि तोही गेला. ललिता मुलीला नाही नाही ते बोलली. ब्रश टाळला असशील, पेरू चावला असशील. त्या बाजूला आता एकच जागा उरलीय, डॉक्टर म्हणाल्या. तिथलाही निघाला तर जबड्याचं ऑपरेशन, नाहीतर दात आहेत तसेच.

तिसऱ्याला तीन आठवडे झाले आणि हिरडी पुन्हा लाल झाली. डॉक्टरांनी कापूस फिरवला. तो काळपट निघाला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"रोशनी, काय लावतेस तू इथे?"

"मिसरी." तिने आईकडे पाहिलं. "ठणकलं की लावते. बधिर होतं. आई लावतेच की रोज."

"कधीपासून?"

"पहिल्या स्क्रूपासून."

"पण मॅडम, मिसरी म्हणजे काही..." ललिता म्हणाली.

डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. स्क्रू त्यांनी चिमट्यात धरला. फिरवावाही लागला नाही, अलगद हातात आला. आता सहा महिने हाड भरू द्यायचं, तोवर काही बसवायचं नाही, आणि घरात मिसरी असेपर्यंत तर नाहीच, त्या म्हणाल्या. एवढं करूनही हाड धरेल याची खात्री देता येत नाही.

रिक्षात रोशनी तोंडात कापूस दाबून बसली होती. पूल ओलांडल्यावर तिने विचारलं, "मी सोडते. तू सोडशील?"

ललिता हो म्हणाली. फार पटकन म्हणाली, हे तिचं तिलाच जाणवलं. सकाळपासून लावली नव्हती, आणि तिचं डोकं ठणकत होतं.