बादामी रोगण

माझ्या सासऱ्यांच्या डोक्याला मी एकदा पलंगाचं रोगण लावलं. हेतू चांगला होता.

निजामाच्या अमलात बीडला कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. मी उर्दूच्या चार किताबा शिकलेला. (चौथी अर्धीच झाली होती, पण हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.) लोक समन्स घेऊन, पावत्या घेऊन माझ्या ओट्यावर येत, आणि मी चष्मा पुसून, घसा खाकरून असा काही वाचून दाखवी की ऐकणाऱ्याला वाटावं, फर्मान मीच काढलंय!

सासरे तेलगावचे. गावाच्या नावातच तेल, पण त्यांच्या टाळूला त्याचं वावडं. "डोस्क्याला तेल बायकांनी लावावं," म्हणायचे. धाकट्या मेहुणीची सुपारी आमच्याच घरी फोडायची ठरली होती, कारण मुलाकडचे बीडचे. म्हणून मेहुणीला घेऊन ते दोन दिवस आधी मुक्कामाला आले. आले ते डोकं धरूनच. लग्न ठरतंय की मोडतंय या काळजीनं त्यांना पंधरा दिवस झोप नव्हती.

"जावईबापू, डोळ्याला डोळा लागत न्हाई. डोस्क्यात नुस्ता घाणा फिरतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांना हकीमसाहेबांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहून चिठ्ठी लिहिली. मी ती तिथंच खणखणीत वाचली, "रोगन बादाम. सर पर खूब मालिश!" हकीमसाहेबांनी मान डोलावली. (वाचलं बरोबरच होतं. अर्थ त्यांनी विचारला नाही.)

आता रोगण म्हणजे काय? दारं, पलंग, पाळणे चकाकावेत म्हणून लावतात ते. आणि बादाम म्हणजे अर्थातच बादामी! मला शंका आली नाही असं नाही. पण म्हटलं, रोगण होतं जवसाच्या तेलात राळ कढवून. म्हणजे तेलच की! तेलात आपण भजी तळतो, तेलावर दिवा लावतो, तेलानं बाळंतिणीचं अंग रगडतो, कुरकुरणारं गाडीचं चाक गप्प करतो, शनिवारी मारुतीला घालतो. मग सासऱ्यांच्या डोक्यानंच काय घोडं मारलंय?

पलंगांना रोगण करायचे ते करीमचाचा. त्यांच्याकडं गेलो. सासऱ्यांचं दुखणं चारचौघांत कशाला सांगा, म्हणून कशासाठी हवं ते बोललो नाही.

"बादामी होना," मी म्हणालो.

"चीज नवी है या पुरानी?"

"पुरानी. साठ साल की."

"तो पैले अच्छा घिसो. फिर दो हात मारो. ऐसी चमकेगी, देखते रहो! और कीडा तो कब्बी नै लगता."

म्हणजे उवांचाही बंदोबस्त! मी खुशीत वाडगा भरून आणला. दुपारी सासऱ्यांना ओट्यावर बसवून आधी डोकं घासलं, मग दोन हात मारले.

"वास वळखीचा वाटतोय," सासरे म्हणाले. "आमच्या देवळाच्या दाराला असाच येतो."

"दवा भारी हाय, मामा."

"चिकटतंय कावून?"

"गुण चिकटतोय!"

दवा वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून फेटाही मीच आवळून बांधला.

सकाळी फेटा निघेना.

सासऱ्यांनी ओढला. मी ओढला. माझ्या बायकोनं, चंद्रभागेनं, ओढला तेव्हा तर फेट्याबरोबर सासरेच उठून उभे राहिले! एरवी काही बिघडलं नसतं, फेटा डोक्यावरच असतो. पण सुपारी फुटल्यावर व्याह्यानं व्याह्याला आहेराचा फेटा बांधायचा असतो. त्यासाठी आधीचा उतरवावा लागतो, तोही भरल्या बैठकीत! आणि पाहुणे दुपारी यायचे होते.

"फेट्यावर फेटा बांधतील की," मी सुचवलं.

"तुमी गप बसा," चंद्रभागा म्हणाली.

"मग न्हाव्याला बोलवू? चकोट करून टाकू."

"सुपारीच्या दिवशी? लोक इचारतील, घरातलं कोण गेलं? मला नाव सांगावं लागंल!" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी कुणाचं ते विचारलं नाही.

मेहुणी कोपऱ्यात बसून रडायला लागली. "मोडतंय बगा माजं लगीन. डोस्क्याला फेटा चिकटलेला सासरा कुणाला पायजे?" मला खरंच तोंड दाखवायला जागा उरली नाही. पोरीचा काय दोष?

इतक्यात करीमचाचा आपला वाडगा परत मागायला आले. "सूका क्या पलंग?" असं म्हणेपर्यंत त्यांची नजर सासऱ्यांवर गेली. वाकून त्यांनी वास घेतला आणि मटकन खाली बसले.

"या अल्ला! ये तो मेरा माल!"

मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. "मियाँ, हकीम का रोगन बोले तो तेल! बादाम का तेल! अत्तार के पास मिलता!"

चार किताबा शिकलेल्या मला हे कधी शाळेत न गेलेल्या माणसानं सांगितलं!

"अब निकलेगा कैसा, चाचा?"

"तेल से. तेल का माल, तेल से छूटता. अब्बी कच्चा है, जल्दी करो!"

मग घरातलं करडईचं तेल कोमट करून ओतलं. ते संपलं तेव्हा दिव्यातलं एरंडेल. तेही संपलं तेव्हा मारुतीसाठी ठेवलेली वाटी (मनातल्या मनात माफी मागून). दोघी बहिणी दोन बाजूंनी रगडत होत्या आणि मी फेट्याचं टोक धरून उभा. सासरे मला, माझ्या उर्दूला आणि माझ्या चारही किताबांना शिव्या देत होते. हळूहळू शिव्यांत खंड पडू लागला. मग ते एकाच शिवीवर अडकले. मग आवाजच बंद झाला.

"आबा?" चंद्रभागा घाबरली. "आबा वो!"

उत्तर आलं ते घोरण्याचं! पंधरा दिवसांत पहिल्यांदा माणूस झोपला होता. त्याच वेळी फेटा सुटून माझ्या हातात आला. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या तेलकट फेट्यालाच नमस्कार केला.

पाहुणे आले तेव्हा सासरे झोप होऊन ताजेतवाने बसले होते, डोक्याला दुसरा फेटा. सुपारी फुटली. व्याही आहेराचा फेटा घेऊन उठले, सासऱ्यांनी आपला उतरवला. रोगण गेलं होतं. रंग राहिला होता, सकाळी तेलाच्या चिकचिकाटात तो दिसलाच नव्हता! पांढरे केस मुळापासून बादामी!

मेहुणीनं आत डोळे मिटून घेतले. व्याही वाकून वाकून पाहत होते.

"मेंदी तर न्हाई वाटत," ते म्हणाले. "रंग लई झ्याक आलाय! काय लावता वो डोस्क्याला?"

"आमच्या जावयाला इचारा," सासरे म्हणाले. "त्यास्नी उर्दू येतंय."

व्याह्यांनी कौतुकानं माझ्यापुढं कागद सरकवला. मी नाव लिहून दिलं, मराठीत आणि ठळक: करडईचं तेल.

मेहुणीचा संसार छान चालला आहे. सासरे आता रोज टाळूला तेल जिरवून गाढ झोपतात. लोक अजूनही कागद घेऊन माझ्या ओट्यावर येतात. पण सासरे मुक्कामाला असले आणि मी वाचण्यासाठी चष्मा पुसायला घेतला, की ते आधी दोन्ही हातांनी आपला फेटा धरतात!